गाडी निरोप वाचते तेव्हा...

हुबळी आणि धारवाड ही जोडशहरं खरी, पण मधलं वीस-बावीस किलोमीटरचं अंतर आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या आयुष्याचा भाग होऊन बसलं आहे. कुणाचं घर धारवाडला आणि नोकरी हुबळीला, तर कुणाचं दुकान हुबळीला आणि मुलांचं कॉलेज धारवाडला. त्यात आपल्यासारखी दुभाषी घरं म्हटली की नात्यांचं जाळं आणखी पसरलेलं. माहेर कोल्हापूर-सांगलीकडे, सासर गदग-हावेरीकडे, नणंद बेळगावात, लेक पुण्यात आणि भाचा बेंगळुरात. या सगळ्यांचे निरोप दिवसभर आपल्या फोनवर येत असतात आणि त्यातले बरेचसे नेमके आपण गाडीत असताना येतात.

अलीकडच्या बहुतेक नव्या मोटारींत स्टिअरिंगच्या बाजूला वहीच्या पानाएवढा पडदा असतो. गाडी ताब्यात देताना शोरूममधला मुलगा घाईघाईत सांगतो, "फोन कनेक्ट होतो, मॅप दिसतो, व्हॉट्सॲप वाचून दाखवतं, सगळं आहे मॅडम." आपलं लक्ष असतं हारात, नारळात आणि पेढ्यांच्या पुड्यात. मग पुढे वर्षभर त्या पडद्याचा उपयोग गाणी आणि मागचा कॅमेरा एवढ्यापुरताच राहतो. फोन मात्र मांडीवर, नाहीतर गिअरजवळच्या खाचेत पडलेला असतो आणि 'टिंग' वाजलं की मान खाली जाते.

मी कॉलेजात मराठी शिकवते. यंत्रांशी माझा संबंध तसा दूरचा. पण रोज धारवाडहून हुबळीला गाडी चालवत जाते म्हणून ही सोय नीट समजून घेतली आणि आता स्टाफरूममध्ये व्याकरणापेक्षा याबद्दलचेच प्रश्न मला जास्त विचारले जातात. फोन गाडीला जोडायचा कसा, नेट कुठून येतं, कन्नडमधला निरोप ते वाचेल का, आणि मुख्य म्हणजे हे सगळं करावं का? या प्रश्नांची उत्तरं एकत्र मांडावीत म्हणून हा लेख.

पडदा गाडीचा, डोकं फोनचं

आधी एक गैरसमज दूर करू. गाडीच्या पडद्यावर नकाशा किंवा निरोप दिसला की आपल्याला वाटतं, गाडीतच इंटरनेट आहे. काही गाड्यांत कंपनीनं स्वतंत्र सिम बसवलेलं असतं, पण तो प्रकार वेगळा. एरवी आपण फोन जोडतो तेव्हा सगळं काम फोनच करत असतो. नकाशा तोच काढतो, निरोप त्याच्याकडेच येतो, नेटही त्याच्याच सिमचं आणि पैसेही त्याच्याच रिचार्जमधले. गाडी त्या फोनला आपला पडदा, स्पीकर आणि माइक तेवढे उसने देते. म्हणूनच फोनला रेंज नसेल तर पडद्यावरही काही येत नाही. लोंढा-रामनगर ओलांडून अनमोड घाटातून गोव्याकडे जाताना याचा अनुभव येतो. अशा प्रवासाला निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, म्हणजे रेंज गेली तरी रस्ता दिसत राहतो.

ही जोडणी करणाऱ्या दोन मुख्य व्यवस्था आहेत. आयफोनसाठी ॲपलची 'कारप्ले' आणि बाकीच्या बहुतेक फोनांसाठी गूगलची 'अँड्रॉइड ऑटो'. ॲपलनं आपली कल्पना २०१३ मध्ये जाहीर केली आणि मार्च २०१४ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात 'कारप्ले' या नावानं ती पुढे आणली. गूगलनं जून २०१४ मध्ये घोषणा केली आणि २०१५ मध्ये अँड्रॉइड ऑटो लोकांच्या हाती दिलं. त्याच सुमारास आपल्याकडेही या गोष्टी येऊ लागल्या होत्या. ऑगस्ट २०१४ मध्ये बाजारात आलेली आणि पुण्याजवळच्या रांजणगावला तयार होणारी टाटांची 'झेस्ट' अनेकांना आठवत असेल. तिच्यातली हरमन कंपनीची यंत्रणा फोनवर आलेला एसएमएस वाचून दाखवायची. त्या वेळी लोकांना त्याचं केवढं अप्रूप वाटलं होतं!

जोडायचं कसं?

जोडणीचं काम गाडी उभी असताना, हँडब्रेक लावून करायचं. सिग्नलला थांबल्यावर 'पटकन होईल' म्हणून करायचं हे काम नव्हे.

सर्वांत सोपा आणि भरवशाचा मार्ग वायरचा. फोनची यूएसबी वायर गाडीच्या योग्य खाचेत लावायची. 'योग्य' म्हणते, कारण पुष्कळ गाड्यांत दोन खाचा असतात आणि त्यातली एक नुसती चार्जिंगची असते. लोकांची निम्मी तक्रार इथेच मिटते. उरलेली वायरपाशी मिटते. बाजारातल्या स्वस्त वायरी फोन चार्ज करतात, पण त्यांतून माहिती जात नाही, त्यामुळे फोनवर चार्जिंगचं चिन्ह दिसतं आणि पडदा मात्र ढिम्म. फोनसोबत आलेली किंवा चांगल्या प्रतीची आखूड वायर वापरली की बहुधा काम होतं.

पहिल्यांदा जोडताना फोनचं कुलूप उघडलेलं असावं. अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या फोनांत ही सोय आतच असते, वेगळं ॲप उतरवावं लागत नाही. आयफोनवर 'सिरी' चालू असावी लागते. मग फोन एकामागून एक परवानग्या विचारतो. फोनमधली नावं पाहू का, तुमचं ठिकाण पाहू का, येणाऱ्या सूचना वाचू का? ही शेवटची परवानगी नाकारली तर नकाशा आणि गाणी चालतात, पण निरोप वाचले जात नाहीत. "आमच्या गाडीत व्हॉट्सॲप का येत नाही?" या प्रश्नाचं उत्तर बरेचदा इथेच सापडतं.

बिनवायरीच्या जोडणीत आधी ब्लूटूथवर फोन आणि गाडीची ओळख होते. मग गाडी स्वतःचं छोटं वायफाय उघडते, फोन त्यात शिरतो आणि पुढचं सगळं त्या वायफायवरून चालतं, कारण नकाशाचं हलतं चित्र पाठवणं ब्लूटूथच्या ताकदीबाहेरचं आहे. म्हणून बिनवायरीची जोडणी हवी असेल तर फोनवर ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही चालू लागतात. यात बॅटरी लवकर संपते आणि उन्हाळ्यात फोन तापतो. धारवाड-पुणे अशा चारशे किलोमीटरच्या प्रवासाला मी तरी वायरच पसंत करते.

ज्यांच्या गाडीत नुसतंच ब्लूटूथ आहे त्यांनाही निराश व्हायचं कारण नाही. फोनवरचं बोलणं आणि गाणी त्यावर उत्तम चालतात. या ब्लूटूथचं नाव कसं पडलं ते मुलांना सांगण्यासारखं आहे. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होता. त्याचं टोपणनाव 'निळा दात' अशा अर्थाचं होतं. विखुरलेल्या टोळ्यांना त्यानं एका राज्याखाली आणलं असं मानतात. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून १९९७ मध्ये जे प्रयत्न चालले होते, त्यांना इंटेलच्या जिम कार्डॅक यांनी या राजाचं नाव सुचवलं. फोनवरचं ते ब्लूटूथचं चिन्हही त्याच्या नावाची प्राचीन लिपीतली दोन आद्याक्षरं जोडून केलेलं आहे. दोन भाषांत संसार करणाऱ्या आपल्या घरांना हा जोडणारा राजा जवळचा वाटायला हरकत नाही!

एक सावधगिरी मात्र घ्यावी. जुन्या गाडीत बाहेरून बसवून मिळणारे मोठे 'अँड्रॉइड स्टिरिओ' बाजारात भरपूर आहेत. त्यांतले काही म्हणजे चक्क टॅबलेट असतात, गाडी धावत असतानाही त्यांवर यूट्यूब चालू राहतं. कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो चालत्या गाडीत सिनेमा दाखवत नाहीत आणि निरोपाचा पूर्ण मजकूर डोळ्यांपुढे न धरता तो वाचून दाखवतात. हे बंधन मुद्दाम घातलेलं आहे. चार पैसे वाचतात किंवा पडदा मोठा मिळतो म्हणून ते गमावू नये. शिवाय मूळ वायरी तोडून जोडकाम केलं तर शॉर्टसर्किटची भीती असते आणि गाडीच्या वॉरंटीचाही प्रश्न येतो.

'हल्ली' म्हणजे काय?

आता आपल्या वाचकांच्या खास अडचणीकडे वळू. गाडी निरोप वाचते खरी, पण कुठल्या भाषेत?

यंत्राला एका वेळी एका भाषेचा आवाज दिलेला असतो. समोर आलेली अक्षरं ते त्या भाषेच्या उच्चारांप्रमाणे वाचत जातं. आपल्या घरांत निरोप कसे येतात ते आठवून पाहा. आमच्याकडे सासूबाई कन्नड लिपीत लिहितात, कोल्हापूरची बहीण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते आणि लेकीचं वाक्य मराठीत सुरू होऊन इंग्रजीत संपतं, मध्ये एखादा 'मत्त?' येतोच. इंग्रजी आवाज लावलेल्या गाडीनं बहिणीचा 'कुठे आहात, जेवण झालं का' हा साधा प्रश्न वाचला की तो कुठल्यातरी युरोपीय गावाच्या नावासारखा ऐकू येतो. मागे बसलेली मंडळी पोट धरून हसतात. पण गाडी चालवणाऱ्याला मात्र अर्थ लावायला डोकं शिणवावं लागतं, शेवटी न राहवून तो पडद्याकडे किंवा फोनकडे पाहतोच.

दोष यंत्राचा कमी आणि लिपीचा जास्त आहे. इंग्रजी अक्षरांत एम-ए-एल-ए लिहिलं तर ते मला, माला, माळा की मळा? आपण संदर्भानं ओळखतो, यंत्राला तो संदर्भ दर वेळी मिळेल असं नाही. कन्नडचं तर विचारूच नका. एच-ए-एल-एल-आय ही पाच अक्षरं घ्या. 'हळ्ळी' वाचलं तर खेडं, 'हल्ली' वाचलं तर पाल! आणि तेच मराठी माणसानं लिहिलं असेल तर 'हल्ली' म्हणजे आजकाल. 'ळ' आणि 'ल' यांतला भेद आपल्या दोन्ही भाषांचा प्राण आहे आणि इंग्रजी लिपीत त्याला जागाच नाही. आपल्या शहराचं नावच पाहा ना. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी इंग्रजीत ते 'हुबळी'चं 'हुब्बळ्ळी' झालं, तरी त्यातला 'ळ' इंग्रजी 'एल'मध्येच अडकून राहिला.

यावर उपाय अगदी साधा आहे. घरच्या निरोपांसाठी ज्या भाषेची जी लिपी तीच वापरायची सवय लावावी. मराठी देवनागरीत, कन्नड कन्नड लिपीत. आता फोनवर बोलून टंकलेखन करता येतं, त्यामुळे 'मला मराठी टाइप करता येत नाही' ही सबब फारशी उरलेली नाही. ज्येष्ठांना तर बोलून लिहिणंच सोपं जातं. गाडीच्या आवाजाची भाषा फोनच्या भाषेवर आणि असिस्टंटच्या सेटिंगवर अवलंबून असते. आपल्याला सर्वाधिक निरोप ज्या भाषेत येतात ती भाषा तिथे मिळते का, हे घरी निवांत बसून पाहावं. तरीही एकच आवाज दोन्ही भाषा निर्दोष वाचेल अशी अपेक्षा ठेवू नये. गाडीला कळेल असं लिहिण्यात आणखी एक फायदा आहे. आपली मुलं दोन्ही लिप्या वाचती-लिहिती राहतात. द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी, आणि कन्नड कवितेसाठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या धारवाडात ते वावरले, तिथल्या मुलांना आपल्या आज्जीचा निरोप तिच्या लिपीत वाचता येऊ नये, हे बरं दिसत नाही.

सगळ्यांसमोर वाचायचं का?

दुसरी अडचण घरगुती आहे, पण तिच्यावरून रुसवेफुगवे होऊ शकतात. फोन कानाला लावलेला असतो तेव्हा निरोप आपल्यापुरता असतो. गाडीत तो स्पीकरवर येतो. गाडीत सासूबाई, दीर, शेजारच्या काकू असे पाचजण बसलेले असताना नणंदेनं विश्वासानं लिहिलेली दोन वाक्यं खणखणीत आवाजात वाचली गेली तर? दवाखान्याचा रिपोर्ट, स्थळाकडून आलेला नकार, बँकेची तगादावजा सूचना, या गोष्टी चारचौघांत वाचायच्या नसतात.

सुदैवानं निरोप आल्याबरोबर तो वाचला जावा की आधी विचारावं, हे बहुतेक ठिकाणी ठरवता येतं. निरोपांच्या सूचना गाडीपुरत्या बंद करून नकाशा आणि फोनवरचं बोलणं तेवढं चालू ठेवता येतं. माणसं बरोबर असताना मी तेच करते. शिवाय कुटुंबाचा किंवा वर्गमित्रांचा जो ग्रुप दिवसभर 'शुभ सकाळ' पाठवत असतो, त्याला गाडीत आवाज देण्याचं काहीच कारण नाही. तो ग्रुप फोनमध्ये मूक करून ठेवला की गाडीतही शांतता राहते.

तिसरी गोष्ट आपण साफ विसरतो. फोन जोडताना आपल्या ओळखीच्यांची नावं, नंबर आणि फोनची यादी गाडी आपल्याकडे उतरवून घेऊ शकते. गाडी विकताना आपण आरसी बुक, विमा, डिकीतली छत्री सगळं आठवणीनं पाहतो, तसंच पडद्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आपले जोडलेले फोन काढून टाकावेत आणि 'फॅक्टरी रीसेट' करावं. भाड्याच्या गाडीत तर गाणी ऐकण्यासाठी फोन जोडतानाही 'संपर्क आणि निरोप वापरू द्यायचे का' या प्रश्नाला नकार द्यावा.

रस्ता वाट पाहत नाही

आता मुख्य मुद्दा. फोन पडद्याला जोडला म्हणजे गाडी चालवताना निरोप पाहणं सुरक्षित झालं का? माझं स्पष्ट मत, नाही.

साधा हिशेब करा. ताशी साठ किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पडद्यावर कुणाचं नाव आलं ते पाहायला तीन सेकंद घेतले तर तेवढ्यात ५० मीटर रस्ता न पाहता गेला. त्या ५० मीटरमध्ये एखादं पोर, एखादी म्हैस, उसाचा ट्रॅक्टर किंवा दिवा नसलेली सायकल आली तर?

ब्रिटनमधल्या 'आयएएम रोडस्मार्ट' या रस्तासुरक्षा संस्थेसाठी झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. चालकांना कृत्रिम रस्त्यावर म्हणजे सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावून त्यांना प्रतिक्रिया द्यायला किती उशीर होतो ते मोजलं होतं. पडद्याला बोट लावून कारप्ले वापरताना हा उशीर ५७ टक्क्यांनी वाढला, अँड्रॉइड ऑटोच्या बाबतीत ५३ टक्क्यांनी. नुसत्या आवाजानं वापरलं तर वाढ अनुक्रमे ३६ आणि ३० टक्के होती. तिथल्या कायद्याच्या मर्यादेपर्यंत मद्य घेतलेल्या चालकांच्या प्रतिक्रियेतली वाढ १२ टक्के मानली गेली आहे. म्हणजे बोलून वापरलं तरी परिणाम मर्यादेतल्या मद्यपानापेक्षा जास्त. बोट लावण्यापेक्षा बोलणं बरं, एवढंच त्यातून निघतं.

अमेरिकेत 'ट्रिपल ए' या मोटारचालकांच्या संघटनेच्या प्रतिष्ठाननं युटा विद्यापीठातल्या संशोधकांकडून करवून घेतलेला आणखी एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आवाजानं आज्ञा देऊन झाल्यावरही चालकाचं मन पूर्णपणे रस्त्यावर परतायला, सर्वांत किचकट यंत्रणांच्या बाबतीत, २७ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो असं त्यात दिसलं. ताशी साठच्या वेगानं २७ सेकंद म्हणजे साडेचारशे मीटर! डोळे रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर, आणि मन मात्र अजून त्या निरोपात.

रेडिओचं तसं नव्हतं. १९५० साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या धारवाड केंद्रावर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. गाडीत रेडिओ लावून माणसं वर्षानुवर्षं फिरली. रेडिओ बोलतो, पण उत्तर मागत नाही. गाण्याकडे लक्ष गेलं नाही तरी काही बिघडत नाही. निरोप मात्र उत्तर मागतो. 'कधी येणार?', 'पैसे भरले का?', 'तू असं का म्हणालीस?' यातल्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर न देताही मन ढवळून निघतं. गाडीनं तो कितीही गोड आवाजात वाचला तरी.

आपल्या भागात हे सगळं अधिक जपून करायला हवं. हुबळी-धारवाड बायपास कित्येक वर्षं मध्ये दुभाजक नसलेला दुपदरी होता, तेही मुंबई-बेंगळुरू महामार्गावर. १५ जानेवारी २०२१ च्या सकाळी धारवाडजवळ इटिगट्टीपाशी दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या शाळासोबती महिलांच्या मिनीबसची आणि टिपरची समोरासमोर धडक झाली आणि अकरा जणांचा घटनास्थळीच अंत झाला. त्या अपघाताचा संबंध मी फोनशी जोडत नाही. पण समोरून येणारं वाहन चुकवायला काही वेळा किती क्षण मिळतात, हे त्यानं सगळ्यांना दाखवून दिलं. हा बायपास रुंद करण्याच्या कामाची पायाभरणी फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो आणि वेग वाढला की तीन सेकंदांचं मोल आणखी वाढतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात होऊन १ लाख ६८ हजार ४९१ माणसं दगावली. आणि त्याआधीच्या २०२१ या एका वर्षात गाडी चालवताना फोन वापरण्यामुळे झाल्याची नोंद असलेल्या अपघातांत १,०४० जणांचे प्राण गेले. नोंद होते ती अशी, न झालेल्या किती असतील याची कल्पनाच करावी.

कायद्याचंही ऐकून ठेवा. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं हे धोकादायक वाहन चालवणं ठरतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ऑक्टोबर २०२० पासून रस्ता पाहण्यापुरता फोन वापरायची मुभा नियमांत दिली गेली, तीसुद्धा चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. व्हॉट्सॲपचा त्यात समावेश नाही.

मग जोडायचा कशाला?

एवढं सगळं सांगून मी फोन जोडू नका असं म्हणत नाही. उलट जरूर जोडा. पण हेतू नेमका ठेवा. फोन जोडायचा तो हातातून आणि नजरेतून दूर व्हावा म्हणून. नकाशा समोर दिसला की फोन उचलून पाहावा लागत नाही. घरून तातडीचा फोन आला तर स्टिअरिंगवरचं बटण दाबून 'थांबते आणि बोलते' एवढं सांगता येतं. फोन पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर, अशी ही व्यवस्था झाली की तिचा खरा उपयोग.

त्यासाठी घरात बसून चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. आमच्या घरात त्या ठरल्या आहेत. पत्ता आणि गाणी गाडी हलण्यापूर्वी लावायची, वाटेत बदल करायचा तर बाजूला बसलेल्यानं करायचा. शेजारी कुणी असेल तर निरोप वाचण्याचं आणि उत्तर देण्याचं काम त्याचं, यंत्रापेक्षा माणूस बरा, कारण समोर ट्रक दिसला की तो आपोआप गप्प बसतो. एकट्यानं जाताना निरोपांचा आवाज बंद. आणि खरोखर तातडीचं असेल तर निरोप न लिहिता फोन करायचा, लागोपाठ दोनदा. दोनदा वाजला की चालवणाऱ्यानं रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा पाहून थांबायचं. या शेवटच्या नियमामुळे आमच्या घरातला निम्मा घोर कमी झाला, कारण निरोप पाहिला नाही तर काही महत्त्वाचं राहून जाईल ही धाकधूकच उरली नाही.

यातली अवघड बाजू गाडी चालवणाऱ्याची नाही, ती घरी बसलेल्यांची आहे. आपण निरोप पाठवतो, निळ्या खुणा होत नाहीत, पाच मिनिटांनी पुन्हा विचारतो, दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा. 'एल्लिद्दी?', 'कुठे आहेस?', नंतर नुसतीच प्रश्नचिन्हं. काळजीपोटीच करतो, पण त्या प्रत्येक 'टिंग'नं ज्याची काळजी वाटते त्याचंच लक्ष रस्त्यावरून उडवतो. पूर्वी माणूस एसटीत बसला की पोचल्याचं पत्र येईपर्यंत चार दिवस घर थांबायचं. आता तासभर थांबायला काय हरकत आहे?

गाडी चालवत असताना आपोआप उत्तर देण्याची सोयही पुष्कळ फोनांत आहे. आयफोनवर ती २०१७ पासून आहे. त्या उत्तरात कंपनीनं आधीच लिहून ठेवलेलं इंग्रजी वाक्य असतं. ते काढून आपलं वाक्य घालता येतं, तेवढं या रविवारी घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर करून टाका. मराठी माणसांना 'गाडी चालवतेय, पोचल्यावर बोलते' आणि कन्नड माणसांना 'गाडी ओडसाकत्तेनि, मुट्टिद म्याले माताडतेनि'. दोन्ही वाक्यं एकाखाली एक, आपापल्या लिपीत. आणि हे उत्तर आलं की पलीकडच्यानंही फोन खाली ठेवावा आणि आपल्या कामाला लागावं.